देवरे सरांचं ऊन

आमच्या शेजारचे देवरे सर रोज सकाळी गॅलरीत उभे राहतात, कंपासपेटीतला कोनमापक डोळ्याला लावतात आणि समोर चढणाऱ्या नव्या बिल्डिंगवर नेम धरतात. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत नवीन आलेला दूधवाला पहिले काही दिवस दबकूनच जातो.

सर ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण डोक्यातून विकलन, म्हणजे काय कोणत्या दराने बदलतं ते काढणं, काही जात नाही. कुणी "महागाई वाढली" म्हटलं, की "कशाच्या मानाने? वेळेच्या मानाने बोला!" हे ठरलेलं. मध्यंतरी जिन्यात रंगाऱ्याची शिडी घसरली, तेव्हा सर धावत गेले. मला वाटलं, त्याला उचलायला. तर विचारतात, "घसरताना जमिनीशी कोन किती होता?"

रंगारी कण्हत म्हणाला, "सर, कोन राहू द्या, माझी कंबर बघा ना जरा."

एकदा मी विचारलंच, "सर, त्या बिल्डिंगचं रोज काय मोजता?"

"तिची उंची एका दराने वाढते, सूर्याचा कोन दुसऱ्या दराने. टॅन थीटाने दोन्ही एकत्र बांधायचे, की आमच्या पलंगावरचं ऊन कधी जाणार ते निघतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "दिवाळीपर्यंत जाईल."

पलंगावर काकू असतात. शुगरने त्यांची नजर गेली, मग उठणंही बंद झालं. पावलांना ऊन लागलं की सकाळ झाली, एवढंच त्यांना कळतं. घराला उन्हाची खिडकी एकच. ऐकून मला फार वाईट वाटलं, आणि त्या बिल्डिंगचा उगाचच रागही आला.

दिवाळी झाली. स्लॅब चढत गेले आणि ऊन गेलं. सरांचं उत्तर बरोबर आलं होतं, पण त्यांना तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

परवा सकाळी फराळाचा डबा परत करायला गेलो. खोली अंधारलेली. सर स्टुलावर बसून, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी काकूंच्या पावलांवरून वर सरकवत होते. खरं ऊन सरकायचं अगदी तशी: आधी भराभर, मग कोन वाढेल तशी हळूहळू. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

काकू डोळे मिटून पडल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, आज ऊन गुडघ्यांवर जरा थांबलं तर बरं होईल. फार दुखताहेत."

सरांचा हात थांबला. पिशवी पार निवेपर्यंत ते ती तिथेच धरून बसले.