भराभर, बेताचे आणि सावकाश

वर्गीकरणाचा परिच्छेद कसा लिहावा हे शिकवणारा अख्ख्या कल्याणात एकच माणूस होता. मी! नियम तीनच. निकष एकच धरावा, कुणीही दोन वर्गांत बसता कामा नये आणि प्रत्येक वर्गाला उदाहरण द्यावं. एवढ्यावर माझी पोरं निबंधात पैकीच्या पैकी आणत. मी मात्र तीन वर्षं हंगामी मास्तरच!

त्यामुळे शाळेच्या अध्यक्षांनी, म्हणजे भाऊंनी, त्यांच्या मुलीच्या, उत्तराच्या, लग्नात पंगती बसवायचं काम माझ्यावर सोपवलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

"मास्तर," भाऊ म्हणाले, "अंगणात पानं मावतात चाळीस आणि माणसं एकशेवीस. वऱ्हाडाला साडेचारची नाशिकची गाडी गाठायचीय. ती चुकली तर गृहप्रवेशाचा मुहूर्त चुकला! पंगती वेळेत उठवा, जूनमध्ये तुम्हांला कायम करतो."

घरी येऊन मी कागद-टाक घेऊन बसलो. सुमतीनं, म्हणजे आमच्या कुटुंबानं, डोकावून पाहिलं. "अहो, लग्नात माणसं मानाप्रमाणे बसवतात."

"मान हा निकष नव्हे! सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगतीतून कुणी उठत नाही, बरोबर? म्हणजे एखादा चघळत बसणारा उरलेल्या एकोणचाळिसांना अडकवून ठेवतो. म्हणून निकष एकच, जेवण्याचा वेग! भराभर जेवणारे, बेताचे आणि सावकाश!"

"आणि तुम्ही कुठल्या वर्गात?"

"वर्गीकरण करणारा वर्गात नसतो!" मी ठणकावलं.

लग्नाच्या दिवशी मी यादी हातात घेऊन अंगणात उभा राहिलो. पत्रावळींचा भारा उतरवायला आलेला कोलशेतचा काळुराम माझा कागद बघत म्हणाला, "मास्तर, भूक लागली का जेवाचा, पोट भरला का उठाचा. यो कागद कनाला?" अडाण्याला शास्त्र काय सांगणार! मी हसलो आणि पहिली पंगत बसवली.

भराभर जेवणारे चाळीस वीर! उदाहरण, मारुतराव. श्लोक संपायच्या आत त्यांचा वरणभात संपला. शेजारच्यानं ते पाहिलं आणि तो इरेला पेटला. बघता बघता चाळीसही पानं चाटूनपुसून लख्ख! रेशनिंग उठून वर्षही झालं नव्हतं. भात, भाजी आणि कोशिंबीर एवढ्यावर लग्नं उरकायची सगळ्यांना सवय. त्यांना वाटलं, झालं जेवण. सगळी पानं रिकामी दिसली आणि पंगत रीतीप्रमाणे उठली!

आचारी गुणाजी जिलब्यांची परात घेऊन आला तेव्हा अंगणात फक्त एक मांजर होतं.

"मास्तर, पंगत कुठाय?"

पंगत विहिरीवर हात धूत होती. जिलबी राहिली हे कळताच तिथून जो गलका उठला तो मी इथे लिहीत नाही.

दुसरी पंगत बेताची होती आणि बेतानं उठली. दीड वाजता मी तिसरी बसवली. उदाहरण, खुद्द वरपिते श्रीपादराव! ते एक घास बत्तीस वेळा चावत. पण मी निर्धास्त होतो, कारण आता त्यांच्यापायी कुणी अडकणार नव्हतं.

इथेच माझं शास्त्र बुडालं. सावकाश जेवणारा घाई करतो ती शेजाऱ्याचं रिकामं पान बघून. या पंगतीत कुणाचंच पान रिकामं होईना! अडीचला वरणभात चालू होता. तीनला श्रीपादरावांनी घास हातात धरून एक लांबलचक श्लोक म्हटला. समोरच्यानं श्लोकाला श्लोक दिला. साडेतीनला पहिली जिलबी मोडली गेली.

"वा!" श्रीपादराव डोळे मिटून म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा निवांत जेवतोय!"

भाऊंचा चेहरा माझ्याकडे बघून लाल होत चालला. मी धावत जाऊन मारुतरावांना आणलं आणि मध्ये बसवलं. म्हटलं, यांचं पान चटकन रिकामं होईल आणि बाकीचे लाजतील. मारुतराव जिलबीसाठी उपाशीच होते! त्यांनी पाच जिलब्या डोळ्यांदेखत संपवल्या.

"असा जेवणारा हवा!" श्रीपादराव खूश झाले. "गुणाजी, यांना आणखी पाच वाढा!" मग समोरच्यानं आग्रह केला. मग त्याच्या शेजारच्यानं. प्रत्येकजण आपला घास खाली ठेवून मारुतरावांना आग्रह करू लागला. मारुतराव तेविसाव्या जिलबीवर असताना स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली.

"गाडी गेली वाटतं," श्रीपादराव शांतपणे म्हणाले. "मग घाई कसली? ताकभात येऊ द्या."

वऱ्हाड मुक्कामाला राहिलं. भटजींनी दुसऱ्या दिवसाचा मुहूर्त काढला आणि भाऊंना आणखी दोन वेळा पंगती घालाव्या लागल्या. त्या सुमतीच्या सांगण्यावरून मानाप्रमाणे बसल्या आणि तासाभरात उठल्या. निघताना उत्तरा तेवढी हळूच म्हणाली, "मास्तर, तुमच्यामुळे एक दिवस जास्त माहेरी मिळाला." खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या गावात माझ्याविषयी बरं बोललेलं तेवढंच.

जूनच्या पहिल्या तारखेला शाळेचा शिपाई भाऊंची चिठ्ठी घेऊन आला.

‘मास्तरांचे दोन वर्ग असतात. काही ठेवावेत असे, काही घालवावेत असे. निकष, पंगत. दुसऱ्या वर्गाचे उदाहरण, आपण.’

मी ती दोनदा वाचली. निकष एक, वर्ग वेगवेगळे, भाषा नेमकी. सवयीनं तांबड्या पेन्सिलीनं खाली दहापैकी नऊ गुण दिले. पहिल्या वर्गाचं उदाहरण नव्हतं, म्हणून एक कापला.