रीमचा दसरा

दसरा नेमका सुट्टीच्या शनिवारी आला आणि सुचित्रा कारखानीसांनी ठरवलं, यंदा खऱ्या घोड्याची पूजा करायची. दर वर्षी इथे आखातात, अल हैलच्या बिल्डिंगखाली उभ्या गाडीच्या बॉनेटला झेंडू वाहून त्या कंटाळल्या होत्या. त्यांचे यजमान आशुतोष ज्या अर्बाबकडे, म्हणजे अरब मालकाकडे, नोकरीला होते, त्याची रीम नावाची घोडी जवळच्याच मळ्यावर होती.

अर्बाबने परवानगी दिली, पण एका अटीवर. "फूल लगाओ, टीका लगाओ. खाना बिल्कुल नहीं. मेरा बेटी है वो."

आशुतोषनी शब्द दिला. शब्द दिला की या माणसाला अन्न गोड लागत नसे. पूजा चालू असताना ते तबेल्याच्या दारात घोडीकडे पाठ करून, हाताची घडी घालून पहाऱ्याला उभे राहिले. शेजारच्या वसईकर डेझीबाई हौसेने सोबत आल्या होत्या, त्यांच्या पिशवीकडेही त्यांनी संशयाने पाहिलं. जागचे ते एकदाच हलले, नैवेद्याचा डबा गाडीत कुलपात ठेवायला. डबा हलका झाला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी रीम पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मग मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली. वरचा ओठ वर उचलला गेला, अंगाला घाम सुटला.

"दृष्ट लागली हो तिला!" सुचित्रा म्हणाल्या.

"पोट दुखतंय तिचं," आशुतोष म्हणाले.

"मग ओवा देते. हिंग लावते बेंबीला."

"घोड्याची बेंबी कुठे शोधणार आहेस?"

सुचित्रा खरोखरच वाकून शोधू लागल्या, तेवढ्यात आशुतोषनी जनावरांच्या डॉक्टर समरीनना फोन लावला. त्या मूळच्या सोलापूरच्या. "तोंडातून काही म्हणजे काही देऊ नका," त्या म्हणाल्या. "गवत काढून घ्या. लोळायला लागली तर उठवून हळूहळू चालवा. निघालेच मी."

रीम लोळायलाच लागली. मोतद्दार शरीफने तिला कशीबशी उठवलं आणि ती मान खाली घालून चालू लागली. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. ते बघून डेझीबाईंनी छातीवर क्रॉसची खूण केली आणि सुचित्रांना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

डॉक्टर आल्या. हिरड्या बघितल्या, कुशीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "आतडी गप्प आहेत. काय खाल्लं हिने?"

"काही नाही," आशुतोष ठामपणे म्हणाले. "मी स्वतः दारात उभा होतो."

"खरं सांगा. घोड्याला ओकता येत नाही. पोटात काय आहे ते कळलं नाही, तर घोडी जाईल हातची."

सुचित्रांचा बांध फुटला. "पुरणपोळी दिली हो मी!"

"किती?"

"सवाष्णीला वाढतो तेवढी. नको म्हणेपर्यंत. ती नको म्हणालीच नाही."

"मी पण केक दिला गं," डेझीबाई रडवेल्या झाल्या. "थोडाच. म्हणजे, होता तेवढा."

शरीफ खाली बघत म्हणाला, "भाभी ने मुझे जो पोली दी थी, साब, वो मैंने भी इसी को..."

आशुतोषनी गाडीचं कुलूप काढून डबा उघडला; आत एकही पोळी नव्हती.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात पाणी आणि तेल सोडलं. "आता लीद पडायची वाट बघायची," त्या म्हणाल्या. सगळे रीमच्या मागे लांब उभे राहिले. भरजरी पैठणी नेसलेल्या सुचित्रा हात जोडून शेपटीकडे एकटक बघत होत्या. आरतीतही त्यांचं एवढं ध्यान लागलं नव्हतं.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली आणि शेपूट उचललं गेलं.

"पडली!" डेझीबाई ओरडल्या.

"सोनं!" सुचित्रांनी डोळ्यांना पदर लावला. "दसऱ्याचं सोनं!" डॉक्टरांनी पुन्हा कुशीला कान लावला आणि हसल्या. रात्रभर लक्ष ठेवावं लागणार होतं, पण आतडी बोलू लागली होती.

तेवढ्यात सकाळीच कामासाठी सोहारला गेलेला अर्बाब परत येऊन गाडीतून उतरला. आशुतोषनी मान खाली घालून पोळ्या, केक, सगळं सांगितलं. अर्बाबने रीमच्या मानेवर हात ठेवला. मग डॉक्टरांची नजर चुकवत म्हणाला, "सुबह मैं भी थोड़ा हलवा दिया. तुम लोग का ईद है न."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. अर्बाब आशुतोषकडे वळला. "और तुम?"

आशुतोष ताठ झाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांची छाती फुगली. "मैंने कुछ नहीं दिया, अर्बाब. एक दाना भी नहीं."

अर्बाब त्यांच्याकडे बघतच राहिला. "ईद का दिन," तो खिन्नपणे म्हणाला, "सब लोग दिया. तुम कुछ भी नहीं दिया?"

"लग्न झाल्यापासून मी तेच सांगतेय," सुचित्रा हळूच म्हणाल्या.