आप्पांचं हवेशी वैर

केडगावच्या आमच्या प्रयोगशाळेतले, सणासुदीलाही तिथंच असणारे शिपाई आप्पा चहा घेत तो काठोकाठ भरलेलाच. कप जरा उणा दिसला की म्हणत, "हवा कशाला पाजता मला?" बरणी असो की बाटली, झाकणाखाली बोटभर मोकळी जागा त्यांना खपत नसे.

कारण होतं. प्रयोगशाळा जनावरांच्या पोटातल्या जंतूंची. चारा पचवणारे बहुतेक जंतू हवा लागली की मरतात. हे मी इंग्रजी पुस्तकांतून शिकले होते. चौथी पास आप्पा ते हातांनी जाणत. "लई नाजूक मंडळी, ताई. दार उघडलं की गेली."

एकदा सोनईहून निरोप आला. मालनबाई नावाच्या एकट्या बाईंच्या गाईनं बाजरीच्या पोत्यात तोंड घातलं होतं. तीन दिवस रवंथ बंद. एवढं धान्य पोटात आंबून गाईचे जंतू मेले होते. निरोगी जनावराचे आणून घालणं एवढाच उपाय. डॉक्टर परगावी. आप्पांनी आमच्या बैलाच्या पोटातला रस नळीनं काढला, थर्मास काठोकाठ भरला आणि आम्ही एसटी पकडली.

थर्मास माझ्या मांडीवर. "हलवू नका. शिंकू बी नका," आप्पा सारखे बजावत होते. उन्हानं माझा चेहरा उतरला असावा. शेजारच्या आजींना कणव आली. "लेकरू दमलंय, आन् कुनी घोटभर च्या देईना!" म्हणत त्यांनी थर्मास घेतला, झाकण फिरवलं आणि अर्धा कप ओतलाही. वासानं मागची दोन बाकं रिकामी झाली. मी ओरडायला हवं होतं. नुसती बघत राहिले.

"म्हातारे, काय केलंस हे!" आप्पांनी झाकण आवळलं.

"मेले?" मी हळूच विचारलं.

"त्यात थोडे चिवट असत्यात. त्यांना हवा असली तरी चालतं, नसली तरी चालतं. शिरलेली हवा ते खाऊन टाकतील. मग बाकीचे वाचतील."

"आणि हवा जास्त शिरली असेल तर?"

आप्पा सोनई येईपर्यंत थर्मास छातीशी धरून बसले.

बांबूच्या नळकांड्यानं रस गाईच्या घशात गेला. "वाचंल ना, दादा?" मालनबाईंनी तीनदा विचारलं. आप्पा गाईच्या डाव्या कुशीला कान लावून बसले. तास गेला. दुसराही सरत आला. गाय मान टाकून पडलेली. मालनबाईंनी विचारणंही सोडलं.

एकदम आप्पांनी हात वर केला. "गप ऱ्हावा!... गडगडलं. पोट हाललं!"

मालनबाईंनी पदरानं गाईचं तोंड पुसलं.

शेवटची एसटी पाचला होती. मी निघायची तयारी केली.

"तुमी जा, ताई. मी पारावर पडतो. सकाळी ही चारा मागंल, तेवढं बघून येतो."

"घरी वाट बघत असतील ना?"

आप्पांनी गाईच्या कानामागची गोचीड हलकेच काढली. मग दुसरी शोधू लागले.

"तुमची यष्टी सुटंल," ते म्हणाले.