रजेवरचा संसार

आमच्या आत्याबाई दर महिन्याला एकदा मरणाच्या दारात जात. म्हणजे तारेतून जात. साताऱ्याच्या पोस्टातून सांगलीला तार सुटायची, ‘आत्या सीरियस, ताबडतोब निघा’, आणि तार करून परतताना आत्याबाई स्वतःच मंडईतून पिशवीभर वांगी घेऊन यायच्या. चढ चढून आल्या तरी त्यांना कधी धाप लागलेली मी पाहिली नाही.

तार जायची माझ्या नवऱ्याला. हे सांगलीत एका हळदीच्या पेढीवर कारकून आणि मी साताऱ्यात आत्याबाईंपाशी. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा ह्यांना आत्याबाईंनीच वाढवलं. आत्याबाई लष्करातल्या शिपायाच्या विधवा, पोटी मूलबाळ नाही. घराला कुलूप लागता कामा नये म्हणून लग्न झाल्यापासून त्यांनी मला साताऱ्यातच ठेवून घेतलेलं. पाच वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती. गावाकडच्या चुलतसासऱ्यांनी तर ह्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात केली होती. तेव्हा आत्याबाई कंबर कसून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मी हाय न्हवं? आपुन हिशेबानं जाऊ.”

हा हिशेब त्यांनी आणला कुठून, तर कुटुंब नियोजनाच्या नर्सबाईंकडून! त्या काळी भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण होता आणि नर्सबाई गल्लीत येऊन पोरं कमी करा म्हणून बायकांना समजवायच्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि साठीच्या आत्याबाई सगळ्यांच्या पुढं बसून विचारायच्या, बाई, नक्की कुठल्या दिवसांत जास्त धोका, ते नीट सांगा. नर्सबाई चक्रावल्याच. पाळी आल्यापासून मोजा आणि महिन्याच्या मधल्या दिवसांत सांभाळा, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं. घरी येऊन आत्याबाईंनी मला अर्थ फोडून सांगितला, “ती म्हंती त्या दिसांत सांभाळा. म्हंजे आपुन त्या दिसांत अजाबात सांभाळायचं न्हाई.”

हे मला पटलं. पण पुढं जो काही घोळ झाला, तो विचारू नका. नर्सबाईंचा पहिला दिवस म्हणजे मी बाजूला बसले तो. आत्याबाईंचा पहिला दिवस म्हणजे चौथ्या दिवशी न्हाऊन मी घरात आले तो. बाजूला बसलेले दिवस काय आपले असतात, म्हणून ते त्या धरायच्याच नाहीत. मोजदाद ठेवायला देवाशेजारी एक वाटी. रोज सकाळी तिच्यात एक चिंचोका टाकायचा. दुपारी जेवून डोळा लागला की उठल्यावर आत्याबाईंना सकाळच झाली असं वाटायचं आणि दुसरा चिंचोका पडायचा. मग संशय आला की दोन काढूनही ठेवायच्या. वाटीतला महिना कधी संपला आणि कधी लागला, कुणाला पत्ता नाही.

एवढं करून, ह्यांना रजा मिळावी म्हणून तार जायची. हे सांगलीहून कराडमार्गे एसटीत आंबून यायचे, पायावर पाणी घ्यायचे, आणि आत्याबाई पंचांग उघडायच्या. आज संकष्टी. आज अमावस्या. चातुर्मासात तर कुठला दिवस मोकळा सापडणार? ह्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडायचं आणि सकाळी पिठलं-भाकरी बांधून घेऊन हे परत सांगलीला. एकदा जाताजाता ह्यांनी मला हळूच विचारलं, “मी नक्की कशाला आलो होतो गं?” मला तरी कुठं ठाऊक होतं!

पेढीचे शेठ भले गृहस्थ. एका माणसाची आत्या दर महिन्याला मरते आहे म्हटल्यावर त्यांना राहवेना. साताऱ्यात काही काम निघालं, तेव्हा ते मोसंबी घेऊन शेवटचं दर्शन घ्यायला आले. आत्याबाई त्या वेळी घरावर चढून फुटकी कौलं बदलत होत्या. वरूनच म्हणाल्या, आता जरा बरं वाटतंय. मोसंबी मात्र ठेवून घेतली.

पुढं एका महिन्यात तार गेली, हे आले, आणि नेमकी त्याच सकाळी मी बाजूला बसले. म्हणजे तो महिनाही गेला. मागच्या पडवीत घोंगडीवर बसून मी रडत होते. शिवाशिवीच्या बाबतीत आत्याबाई फार कडक, माझा वारासुद्धा घरात येऊ द्यायच्या नाहीत. त्यामुळं हे अंगणाच्या पार त्या टोकाला, धुण्याच्या दगडावर बसलेले. रडू नकोस, एवढं म्हणायलाही त्यांना आवाज चढवावा लागत होता. चहा घेऊन आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि आमच्याकडं बघत तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

“आमचंबी असंच झालं,” त्या म्हणाल्या. “ते आठ दिसांच्या रजेवर आलं आन् मी पडवीत. निम्मी रजा लांबनं बघण्यात गेली. सासू म्हणली, रजा काय, फिरून मिळंल. फिरून रजा मिळायच्या आधीच लढाईत माणूस गेलं.”

आत्याबाईंनी चहा खाली ठेवला, अंगण ओलांडून आल्या आणि सरळ माझ्या घोंगडीवर बसल्या. मी अंग चोरलं, तशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला काही कळेना, आत्याबाई असं काय करतायत!

“चिंचोक्यांचं काय चुकत न्हवतं गं. मीच तुला हितं अडकवून ठेवली. एकलीला घर खायला उठतं म्हणून.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सांगलीच्या गाडीत बसवलं. चौथा दिवस तरी होऊ द्या म्हटलं, तर ऐकेनात. चुलतसासऱ्यांचं काय विचारलं, तर म्हणाल्या, त्यांच्याकडं मी बघते. आणि आत्याबाई, तुमचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, मला काय धाड भरलीया? गाडी हलली तरी स्टँडवर तशाच उभ्या होत्या. त्या एवढ्याशा दिसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सांगलीत दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली. कुठल्या दिवसांमुळं झाली म्हणाल, तर तो गोंधळ माझ्या डोक्यात आजही तसाच आहे. बाळंतपणाला आत्याबाई आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, नाक कुणाचं, डोळे कुणाचे, काही विचारलं नाही. थोडा वेळ तिला थोपटत बसल्या आणि मग हळू आवाजात मला म्हणाल्या,

“त्यो रोज जेवायला घरला येतो न्हवं?”

“येतो की,” मी म्हटलं.

“रोज?”

“रोज.”

आत्याबाईंनी मान हलवली आणि बाळाच्या दुपट्यानं डोळे पुसले.