तंगडीची कुंडली

पाद्री ओर्दोन्यो यांच्या स्वयंपाकघरातली डुकराची खारवलेली तंगडी ईस्टरआधीच्या ऐन उपासात नाहीशी झाली. उर्राका स्वयंपाकीणबाईने तंगडी टांगायचा आकडा रिकामा पाहून एवढी बोंब ठोकली, की तोलेदो शहरातली ती निम्मी आळी दारात जमली.

माडीवर एका अरबी ज्योतिषग्रंथाचं भाषांतर चालू होतं. म्हातारे शेख सालिम अरबी वाचत, मायर नावाचा ज्यू पंडित ते बोलीभाषेत सांगे, आणि पेलायो हा बुजरा लेखनिक ते लॅटिनमध्ये उतरवी. तिघेही खाली आले.

"हे दोघे डुकराला शिवत नाहीत," पाद्रीबाबा गरजले, "आणि पेलायोला धड पावसुद्धा संपवता येत नाही. उरलं कोण?"

"अहो, जन्मभर तुमची चूल फुंकली," उर्राका म्हणाली. "चव बघायला जीभ लावली असेन, पण आख्खी तंगडी गिळायला मी काय मगर आहे?"

"ते ग्रह सांगतील. शेख, प्रश्नकुंडली मांडा. लॅटिनमध्ये हवी. ग्रहांनी बोट दाखवलं, की बाईनं बोचकं बांधायचं."

शेखांनी कुंडली मांडली. अशा कुंडलीत डावीकडचं घर प्रश्न विचारणाऱ्याचं आणि उजवीकडचं चोराचं. डावीकडे गुरू आला, तो पाद्रीबाबांना शोभतच होता. उजवीकडे मंगळ आला. मंगळ म्हणजे विस्तव आणि सुरी. म्हणजे स्वयंपाकीणच.

"पुन्हा मोजा ना," मायर म्हणाला.

"मोजलं. हलत नाही."

"आपल्यासाठी वेगळी कढई ठेवते हो ती. चरबीचा थेंब लागू देत नाही. तो लसणीतला पालक..."

"मायर, पालकाकडे बघून ग्रह हलत नसतात."

मायरने जड हाताने हिब्रू अक्षरांत कुंडली काढून पेलायोकडे दिली. पेलायोला एव्हाना ती अक्षरं लागत होती, पण आकृतीपाशी तो अडला. ही मंडळी उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणजे त्यांची आकृतीही तशीच असणार, असं त्याच्या मनाने घेतलं. विचारावं का? पण एवढ्या विद्वानांना असलं काय विचारायचं! त्याने सगळी आकृती काळजीपूर्वक उलटी केली आणि तिच्यावरून फलित लिहून काढलं.

जेवणाआधी सगळे खाली जमले. उर्राका रुमालाने डोळे पुसत उभी होती. पेलायोने लॅटिन वाचून दाखवलं आणि तिच्यासाठी बोलीत सांगितलं, "चोराच्या घरी गुरू आहे. चोर अंगाने भरलेला, समाजात मान असलेला, धर्मकार्यातला..."

"हा काय वाचतोय?" मायर कुजबुजला.

"आपलंच," शेख पुटपुटले. "उलटं."

"...आणि विचारणाऱ्याच्या घरी मंगळ. म्हणजे विचारणारा तापट आहे."

"हे मात्र खरं," उर्राका हुंदका देत म्हणाली.

मायर घाईने उठला. "पाद्रीबाबा, जरा चूक—"

"दार लावा," पाद्रीबाबा म्हणाले. त्यांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला होता. ते खुर्चीत बसले. "उपासाने चक्कर येते हो माणसाला. मी एकच काप घेऊन ती परत आकड्याला लावणार होतो. तेवढ्यात हिने आळी गोळा केली. मग काय बोलणार?" त्यांनी वर पाहिलं. "पोटमाळ्यावर आहे. अर्धी शिल्लक आहे. ग्रहांना पोटमाळ्यावरचंही दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं."

उर्राकाने रुमाल खाली घेतला आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी पेलायोच्या हातातला कागद ओढून तोंडापुढे धरला.

माडीवर परतल्यावर पेलायोला खरा प्रकार समजला. त्याला रडूच आलं. "मी गाढव आहे. पुन्हा असं होणार नाही."

शेख सालिम यांनी आपली सरळ, पण चुकलेली कुंडली पुन्हा एकदा पाहिली. खालून लसणीच्या फोडणीचा वास आला.

"होणार नाही असं म्हणू नकोस, बाळ," ते हळूच म्हणाले. "यापुढे प्रत्येक कुंडली आधी आम्ही मांडू. मग तू तुझ्या पद्धतीने काढ, आणि आम्हाला दाखव."