चॅम्पियनचा चावा

"निवडणूक म्हणजे काय हो? बारा राउंडची लढत! आणि बारा राउंड तर माझा पोरगा चालता-बोलता उभा राहतो!" फिदेन्सिओ वस्ताद न्हाव्याच्या दुकानात छाती ठोकून सांगायचे. हा पोरगा म्हणजे रुतिलिओ बारागान, बॉक्सिंगचा माजी जगज्जेता, आयुष्यात एकदाही आडवा न झालेला! घडवला वस्तादांनीच, पण रिंगमध्ये तो ठोसा चुकवायला डोकं असं काही बाजूला काढायचा, की वस्तादही देवापुढे उभं राहिल्यासारखे बघत राहायचे. तोच आता सान एलोयच्या नगराध्यक्षपदाला उभा होता, आणि प्रचार अर्थातच वस्तादांच्या हाती होता.

घोषणाही त्यांचीच: "चावा बंद!" आमच्याकडे लाचेला चावा म्हणतात. पोलिसाचा चावा, नळजोडणीचा चावा, मेल्यावर दाखल्याचा चावा! विद्यमान नगराध्यक्ष ओलेगारिओसाहेब तर चावून चावून असे फुगले होते, की सदऱ्याची बटणं दर आठवड्याला राजीनामा द्यायची.

मतदानाच्या तोंडावर रुतिलिओचा वाढदिवस आला. वस्तादांनी लगेच चौकात सभा ठोकून दिली. गावच्या एदुविहेसमावशींनी तीन प्रकारच्या दुधात भिजवलेला पलंगाएवढा केक करून मंचावर मांडला. टीव्हीवाले आले. रुतिलिओ गरजला, "मी कधी चावा घेतला नाही, आणि घेणारही नाही!" टाळ्यांचा कडकडाट! वस्तादांचा ऊर भरून आला.

तेवढ्यात अख्खा चौक एका सुरात ओरडू लागला, "चावा! चावा! चावा!"

वस्तादांनी कपाळावर हात मारला. वाढदिवसवाल्यानं केकचा पहिला घास हात न लावता, थेट तोंडानं तोडायचा, हा आमचा रिवाज. आणि नेमकं त्यालाही चावाच म्हणतात! एवढं प्लॅनिंग केलं, आणि हेच कसं डोक्यात आलं नाही!

"घेऊ का हो, वस्ताद?" रुतिलिओनं हळूच विचारलं.

"खबरदार! चॅम्पियननं चावा घेतला, असं घराघरात दाखवतील. खेळ खलास!"

रुतिलिओ माइककडे वळला. "मी चावा घेणार नाही!"

एदुविहेसमावशींनी एप्रन डोळ्यांना लावला. "विष घातलंय का रे बाळा मी त्यात?"

"मोठा आलाय!" गर्दीतून कुणीतरी खेकसलं. "जग जिंकलं, आता गावचा केक कडू लागतोय!"

मतं डोळ्यांदेखत वाहून चालली. हीच संधी साधून ओलेगारिओसाहेब मंचावर चढले. "शुभेच्छा, चॅम्पियन!" म्हणत त्यांनी गळाभेट घेतली, मग त्याच्या पाठीमागे सरकून कॅमेऱ्याकडे बघत डोळा घातला. वस्तादांनी डाव ओळखला. वाढदिवसवाल्याची मान मागून दाबून त्याचं तोंड केकात कोंबायचं, हाही रिवाजच! आणि त्याचा फोटो उद्या गावभर झळकणार!

"रुतिलिओ, मागे बघ!" वस्ताद किंचाळले.

साहेबांनी सगळं बळ एकवटून धक्का दिला. आणि रुतिलिओचं डोकं तिथं नव्हतंच! विजेसारखं डावीकडे, खाली! साहेब दोन्ही कानांसकट केकात!

मग मावशीच ओरडल्या, "घेतला! साहेबांनी चावा घेतला!"

रुतिलिओ सावकाश ताठ झाला. खिशातून रुमाल काढून त्यानं साहेबांपुढे धरला. "पुसा, साहेब. आणि उरलेला गावाला ठेवा."

चौक नुसता दणाणला! हॅट उडाल्या, म्हातारे नाचले. वस्तादांच्या डोळ्यांना धार लागली. दहा वर्षं ग्लोव्ह्जना हात न लावलेला माणूस, आणि ही चपळाई! याला पाठीलाही डोळे दिलेत देवानं!

मंचामागे त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली. "पोरा, काय तो चकवा! बरं झालं माझी हाक ऐकलीस!"

"कसली हाक?" रुतिलिओनं इकडे तिकडे पाहिलं, हनुवटीवरचं क्रीम अंगठ्यानं पुसलं आणि चाटून टाकलं. "केकच्या डाव्या कडेला एक टपोरी स्ट्रॉबेरी होती, वस्ताद. म्हटलं, एवढ्याशा चाव्यानं कुणाला काय कळतंय!"