तात्यांचं बर्लिन

डोक्यावरून दमदमच्या विमानतळाकडे जाणारं विमान गेलं, की तात्या हातातला घास ताटात ठेवून गॅलरीत जात आणि आभाळाकडे बघून मोठ्यांदा विचारत, "काय रे, पीठ की कोळसा?"

त्या वर्षी रशियनांनी बर्लिनचे रस्ते आणि आगगाड्या अडवल्या होत्या आणि इंग्रज-अमेरिकन विमानं त्या शहराला सगळं आभाळातून पोचवत होती. तात्या रोज रेडिओला कान लावून बसत. बंगालमधल्या आमच्या बागबाजारवरून जाणाऱ्या विमानाचा बर्लिनशी संबंध नाही, हे मी एकदा नकाशा काढून समजवायला गेलो. "तू बँकेत आहेस ना? मग व्याज बघ," म्हणाले. मी त्यांच्याकडे राहणारा, जेवणारा बिऱ्हाडकरू. नकाशा गुंडाळून ठेवला.

खरं बर्लिन आमच्या गल्लीतच होतं. तात्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, सुधानं, समोरच्या बंगाली घोषालांच्या मुलाशी लग्न केलं होतं. तात्या लग्नाला गेले नाहीत. "दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मराठी स्वारांना अडवायला या लोकांनी इथूनच खंदक खणायला घेतला. आणि ही खुशाल चालत आत गेली! तीही मासे खाणाऱ्या ब्राह्मणांत!" मग फर्मान निघालं. सुधानं आपला उंबरा ओलांडायचा नाही, आपण त्यांचा ओलांडायचा नाही. तात्यांची बायको, आमच्या माई, रडल्या. फर्मान कायम.

पुढे सुधाला दिवस गेले आणि थालीपिठाचे डोहाळे लागले. माईंना हे घोषालांच्या मोलकरणीकडून कळलं आणि तात्यांना आमटीत दुप्पट पडलेल्या मिठावरून. दुसऱ्या दिवशी ते दोन कप्प्या, दोर आणि वेताची टोपली घेऊन आले. एक कप्पी आमच्या गॅलरीला, एक त्या मोलकरणीकरवी समोर.

"तात्या, पण फर्मान?"

"ते जमिनीचं. हवेबद्दल मी काही बोललो नव्हतो."

नाकाबंदी करणारेही तेच, विमानंही त्यांचीच. दोर ओढायला मी.

पहिल्या खेपेची थालीपिठं सुखरूप पोचली. त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी बेधडक आमटीचं पातेलं चढवलं आणि मधोमध आल्यावर शिंकलो. खालून सुधाचे सासरे घोषालबाबू पांढरंशुभ्र धोतर नेसून निघाले होते. "ए की! आबार बर्गी!" ते ओरडले. बर्गी म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे. ते पुन्हा आले, अशी त्यांची तक्रार. तात्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

सुधाशी ते बोलत नसत. ती चार हातांवर उभी असली तरी सगळं माझ्यामार्फत.

"समोरच्यांना विचार, भाजणी बरी होती का."

"तात्यांना सांग, तिखट कमी होतं."

"समोरच्यांना सांग, या दिवसांत कमीच खावं."

"मग तूपही त्यासाठीच नव्हतं का?"

"अहो, तूप कुठाय?" तात्या आत वळून माईंवर गरजले.

मुलगा झाला. डिंकाचे लाडू उडाले, टोपडी उडाली, बाळंतशेपा उडाल्या. तात्या मात्र गॅलरीतच. उन्हासाठी धरल्यासारखा कपाळावर हात ठेवून समोर बघत बसायचे. ऊन गेलं तरी हात तिथेच.

मग रेडिओवर बातमी आली, बर्लिनची नाकाबंदी उठली. माई म्हणाल्या, "आता तरी?"

"रशियन कच्चे निघाले," तात्या म्हणाले.

त्याच संध्याकाळी सुधा गॅलरीत आली. हातात टोपडं घातलेलं गाठोडं. "तात्यांना सांग, नातू पाठवतेय. हवेतून येऊ दे." आणि तिनं ते टोपलीत ठेवलं.

"अगं ए सुधे!" तात्या किंचाळले. "ओढू नकोस रे गाढवा!" एवढं मला सांगून ते अनवाणी, नुसत्या बनियनवर जिना उतरले.

मी घाबरलो की सांगितल्याच्या उलट करतो. ओढलं. टोपली आली. मी गाठोडं छातीशी धरलं, थोपटलं, "शहाणा आहे, रडत नाही," असंही म्हणालो. माईंनी टोपडं वर केलं. आत दुधी भोपळा होता.

समोर बघतो तर तात्या घोषालांच्या गॅलरीत धापा टाकत उभे. सुधानं खरं बाळ पुढे केलं. तात्यांनी हात पुढे केले, मागे घेतले, बनियनला पुसले, पुन्हा पुढे केले. माई कधीच चपला शोधत खाली गेल्या होत्या.

आतून घोषालबाबू आले. इतकी वर्षं समोरासमोर राहून दोघं कधी बोलले नव्हते. तात्यांनी बाळ घट्ट धरलं आणि तोडक्या बंगालीत स्वतःची ओळख करून दिली.

"आमि... सुधार बाबा."

घोषालबाबूंनी माहीत असल्यासारखी मान डोलावली आणि खुर्ची पुढे ओढली.

"जानि, मोशाय," ते म्हणाले. "बोशुन."